गुंडप्पा मिस्त्रीनं लावलेला फोन

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, गुंडप्पा मिस्त्री म्हटलं की कुणीही घर दाखवतं. त्याची एकतीस वर्षं डाळमिलच्या मशिनी बसवण्यात, उघडण्यात आणि पुन्हा बसवण्यात गेली. रोलर घासला, पट्टा तुटला, चाळणी अडली की डॉक्टरला बोलवावं तसं लोक त्याला बोलवायचे. माणूस कमी बोलणारा. सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायचा, कपाळाला विभूती लावायचा आणि सायकलवर टांग टाकायचा. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. निवडणुकीचा तर त्याला कंटाळाच. मत टाकून यायचा, पण कुणाला टाकलं ते बायकोलाही, म्हणजे गंगम्मालाही, कधी कळलं नाही.

असा हा माणूस बावन्नाव्या वर्षी आफ्रिकेत गेला.

त्याचं कारण तूर. लातूरचे शिवशंकर शेठ मोझांबिक नावाच्या देशातून बोटीनं तूर आणवायचे. पुढं त्यांनी ठरवलं की मिल तिथंच टाकायची. मशिनी इथून गेल्या, पण त्या उभ्या करायला माणूस पाहिजे होता. "मिस्त्री, तूर तीच हाय, मशीन तीच हाय. माणसं तेवढी येगळी," शेठ म्हणाले. उदगीरच्या मिलमध्ये नव्या संगणकी मशिनी आल्यापासून गुंडप्पाला काम कमीच झालं होतं. गंगम्मा चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी तिनं शेंगदाण्याच्या चटणीचे दोन डबे भरले. २०२३च्या फेब्रुवारीत तो हैदराबादेहून विमानात बसला.

ते गाव देशाच्या उत्तरेला होतं, बंदराकडं जाणाऱ्या रस्त्यावर. लाल माती, आंब्याची झाडं, मातीच्या भिंती, वर गवत नाही तर पत्रा. मिलच्या समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडं शाळा. गुंडप्पा राहायचा मिलच्याच आवारातल्या खोलीत. सोबतीला देगलूरचा नरसिंग होता, तिशीतला, कागदपत्रं सांभाळणारा. तो गुंडप्पाला मामा म्हणायचा. तिथले कामगार मात्र पहिल्या दिवसापासून 'मेश्त्रे' म्हणायला लागले. गुंडप्पाला वाटलं, नरसिंगनं शिकवलं असेल. मग कळलं की त्यांच्या पोर्तुगीजमध्ये कारागिराला मेश्त्रेच म्हणतात. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा जरा घरच्यासारखं वाटलं.

हमालांचा मुकादम होता मोमाद. चाळिशीचा, सरळ नाकाचा, शुक्रवारी दुपारी न चुकता मशिदीत जाणारा. त्याची बायको जैनाबू तूर पाखडणाऱ्या बायकांची म्होरकी. बाई आवाजानं दणदणीत. गुंडप्पा जेवायला बसला की ती त्याच्या ताटाकडं बघून हसायची, कारण त्यात मासा नाही की कोंबडी नाही. "मेश्त्रे, तू बकरीचा भाऊ आहेस का?" असं ती एकदा म्हणाली आणि सगळ्या बायका सुपं खाली ठेवून हसल्या. गुंडप्पाही हसला. पोर्तुगीज त्याला तोडकीमोडकी यायला लागली होती. मोमाद-जैनाबूला तीन लेकरं होती. धाकटी पोरगी दुपारी बारदानावर झोपलेली असायची, तिच्या अंगावर ऊन आलं की गुंडप्पा पोतं ओढून आडोसा करायचा.

दीड वर्ष असं गेलं. मग २०२४च्या ऑक्टोबरात त्यांची निवडणूक आली.

मतदान समोरच्या शाळेत होतं. त्या दिवशी मिल बंद. मोमाद विरोधी पक्षाचा प्रतिनिधी म्हणून शाळेतल्या टेबलाशी बसला होता, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. गुंडप्पा दिवसभर मिलच्या पायरीवर बसून रांग बघत राहिला. बायका लेकरं पाठीला बांधून उभ्या होत्या, म्हातारी माणसं सावलीसाठी भिंतीला चिकटून सरकत होती. रांगेतून कुणी हललं नाही. मोजणीही तिथंच, त्याच वर्गात, दिवेलागणीला. एकेक मत उचलून सगळ्यांना दाखवायचे आणि फळ्यावर खडूनं रेघ ओढायचे. खिडक्यांशी गर्दी झाली होती. जैनाबूनं गुंडप्पाला हाताला धरून पुढं नेलं. "बघ मेश्त्रे," ती म्हणाली, "तू परका आहेस, तू बघ."

त्यानं बघितलं. फळ्यावर एका बाजूला रेघांची जत्रा भरली होती, दुसऱ्या बाजूला जेमतेम चार ओळी. राज्य करणारा पक्ष त्या शाळेत साफ हरला होता. आकडे कागदावर लिहून तो कागद वर्गाच्या दाराला चिकटवला. मोमाद बाहेर आला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो कागद कुणीतरी फाडून नेला होता. दाराला नुसता गोंदाचा डाग.

पंधरा दिवसांनी रेडिओवर निकाल आला. राज्य करणारा पक्षच जिंकला होता. त्यांच्या भागातले आकडे वाचले गेले तेव्हा मिलमध्ये कुणी काम करत नव्हतं, सगळे रेडिओभोवती उभे होते. आकडा ऐकून मोमादनं गुंडप्पाकडं बघितलं. गुंडप्पानं मान खाली घातली. त्यानं फळा बघितला होता. पण तो काय बोलणार आणि कुणाला बोलणार?

त्यानंतर रस्त्यावर टायर जळायला लागले. एक दिवस मोर्चा, दोन दिवस शांतता, परत मोर्चा. नुसती पोरं नाहीत, बाप्ये माणसं, बायका, मास्तर, सगळे भांडी बडवत निघायचे. पोलिसांनी आधी धूर सोडला, मग गोळ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चौकात तिघं मेले, त्यातला एक मिलचाच हमाल होता. त्याला हातगाडीवर घालून आणलं ते मिलच्या दाराशी, कारण सावली तिथंच होती. गुंडप्पानं तोवर मेलेली माणसं बघितली नव्हती असं नाही, पण पोटात गोळी लागलेला माणूस बघितला नव्हता. त्याला वाटलं होतं एक भोक असेल. तसं नव्हतं. संध्याकाळी त्यानं दाराशी बादल्या ओतल्या, पण लाल मातीत रक्त गेलं की राहिलं ते कळेचना.

मोमादला दोनदा उचलून नेलं. आकड्यांच्या कागदाची एक प्रत त्याच्याकडं होती असं पोलिसांना वाटत होतं. दुसऱ्या वेळी तो आला तेव्हा त्याची डाव्या हाताची नखं काळी पडली होती, दोन तर निघालीच होती. तो हात पाठीमागं धरून गाड्या भरून घेत होता.

"कागद देऊन टाक की," गुंडप्पा त्याला म्हणाला.

"माझ्याकडं नाहीच तो," मोमाद म्हणाला. "पण आता असता तरी दिला नसता."

त्याच महिन्यात इकडं महाराष्ट्रातही मतदान होतं. गंगम्माचा फोन आला. "आज मतदानाला जाऊन आले. न्यायला गाडी आलती. तुमचं नाव बी यादीत हाय, तुमी न्हाईत." मग म्हणाली, "टीव्हीवर तुमच्या तिकडचं काय काय दाखवून राहिले. खरं हाय का?"

"न्हाई. लांब हाय ते. इकडं शांत हाय," गुंडप्पा म्हणाला. त्याच वेळी चौकात फटाफट आवाज झाला.

"कशाचा आवाज हाय?"

"पट्टा तुटला मशिनीचा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

डिसेंबरच्या तेवीस तारखेला राजधानीतल्या मोठ्या न्यायाधीशांनी निकाल कायम केला. चोवीसच्या सकाळी गुंडप्पा पूजेला बसला होता तेव्हा धुराचा पहिला लोळ दिसला. तो गच्चीवरच्या टाकीपाशी चढला. राज्य करणाऱ्या पक्षाची कचेरी पेटली होती. रस्ता माणसांनी भरला होता, पण ही पूर्वीची माणसं नव्हती. भांडी नव्हती, गाणी नव्हती. हातात कोयते, लोखंडी गज, फावडी. पेटत्या पोलीस चौकीतून तिघं पळाले, त्यातला एक नाल्यापाशी सापडला. त्याला आधी दगडांनी पाडलं. तो हात वर करून काहीतरी सांगत होता. मग कोयते चालले. गुंडप्पाला टाकीवरून आवाज आला नाही, नुसते हात वर-खाली होताना दिसले, ऊस तोडताना होतात तसे. तो घाईनं खाली उतरला.

खाली नरसिंग फाटकाचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत होता. "मामा, चौकातलं कापडाचं दुकान साफ केलं. आता इकडंच येऊन राहिले सगळे. आपल्याकडं चारशे टन तूर हाय. अय्यो, आपल्याला जित्ता सोडणार न्हाईत."

इंटरनेट बंद होतं, पण साधा फोन लागत होता. लातूरला शेठनी उचलला. "गोदाम उघडायचं न्हाई," ते ओरडले. "पोलिसाला फोन लावा. म्हणावं, परदेशी कंपनी हाय, गाडी पाठवा. लगेच लावा!"

बंदराकडच्या ठाण्याचा नंबर नरसिंगकडं होता, पण त्याची बोटं बटणावर थांबेनात. गुंडप्पानं फोन घेतला. त्याला येत होते तेवढे शब्द त्यानं वापरले: तुरीची मिल, लई माणसं, कोयते, या, लवकर या. पलीकडच्या माणसानं काहीतरी विचारलं, ते त्याला समजलं नाही. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. 'या, या.' पलीकडून फोन बंद झाला.

"येतेत का?" नरसिंगनं विचारलं.

"काय म्हाईत. इथली त्यांचीच चौकी जळून राहिली."

दहा मिनिटांत गर्दी दारावर आली. पत्र्याच्या फाटकावर दगड पडायला लागले. आत असा आवाज घुमत होता की कानात बोटं घालूनही थांबत नव्हता. मग फाटकाच्या फटीतून कुणीतरी हाक मारली, "मेश्त्रे!" मोमाद होता. सदरा फाटलेला, भुवईतून रक्त.

"उघड," मोमाद म्हणाला. "नाही उघडलंस तर ते तोडतील. तोडून आले तर मग मला कुणालाच आवरता येणार नाही. तू आणि हा पोरगा, दोघंही जाल. उघडलंस तर मी दाराशी उभा राहतो. तूर नेतील. दोन महिने कुणाच्या घरी चूल धड पेटलेली नाही. तूर नेतील आणि जातील."

"मामा, शेठ न्हाई म्हनलेत," नरसिंग मागून म्हणाला.

"शेठ लातूरला हायत," गुंडप्पा म्हणाला. त्यानं कमरेची किल्ली काढली, आधी फाटकाचं कुलूप उघडलं, मग गोदामाचं.

पहिल्या लोंढ्यात तो भिंतीवर आपटला. एका माणसानं त्याच्या खांद्यावर गज घातला, दुसऱ्यानं कोयता उगारला तेव्हा मोमादनं त्याचं मनगट धरून पिरगाळलं. ऑफिसातला संगणक, पंखा, खुर्च्या, सगळं क्षणात गेलं. नरसिंगला पोटात लाथा बसल्या, तो टेबलाखाली मुटकुळं करून पडला. मग जैनाबूचा आवाज आला. ती गोदामाच्या दारात कमरेला पदर खोचल्यासारखं फडकं बांधून उभी होती आणि माणसांच्या तोंडात हाणत होती. अक्षरशः हाणत होती. एकाला एकच कट्टा, म्हणजे तुरीचं एकच पोतं, बायका आधी, म्हातारे आधी. मतदानाला लावली होती तशी रांग तिनं लावली. अर्ध्या तासात आरडाओरडा खाली आला. लोक डोक्यावर कट्टे घेऊन वाकत वाकत जायला लागले. एक म्हातारी गुंडप्पाच्या पुढ्यात थांबून काहीतरी पुटपुटली, बहुतेक आशीर्वादच. गुंडप्पाला वाटलं, निभावलं. त्यानं नरसिंगला बाहेर काढून पाणी पाजलं.

फोनचं त्याच्या डोक्यातूनच गेलं होतं.

पोलिसांचा ट्रक आला तो बंदराच्या बाजूनं. भोंगा नाही, इशारा नाही. मागच्या फळीवरूनच त्यांनी गोळ्या सुरू केल्या. आपला माणूस नाल्यापाशी कसा पडलाय ते बघून आले होते ते. कोयतेवाले कधीच पुढं निघून गेले होते. रस्त्यावर होती ती कट्टे घेतलेली माणसं, आणि डोक्यावर पन्नास किलो असताना कुणाला पळता येत नाही. गोळी कट्ट्याला लागली की तूर धारेनं सांडायची, माणसाला लागली की माणूस कट्ट्याखाली जायचा. एक बाई बसल्या जागी कट्ट्याला मिठी मारून राहिली, तिला तशीच मारली. मोमाद ओरडत फाटकाकडं पळाला. जैनाबू त्याच्या आधी तिथं पोचली होती. ती फाटक लावून घेत होती, आतल्या माणसांसाठी. पत्रा तो कितीसा जाड. गोळी पत्र्यातून आली आणि तिच्या गळ्याच्या खाली लागली.

गुंडप्पानं तिला काखेत धरून आत ओढलं. हाताशी बारदान होतं, ते त्यानं दाबून धरलं. बारदान भिजलं, दुसरं घेतलं, ते भिजलं. ती त्याच्याकडं बघत होती. काहीतरी म्हणाली, पोर्तुगीजमध्ये नाही, तिच्या स्वतःच्या भाषेत. त्या भाषेतले मोजून दहा शब्द त्याला येत होते. त्यातला एकही नव्हता. मोमाद गुडघ्यावर बसून तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून होता. ती गेली तेव्हा बाहेर अजून गोळ्या चालूच होत्या. मोमादनं तिला खांद्यावर टाकलं आणि मागच्या भिंतीला जमावानं पाडलेल्या भगदाडातून तो निघून गेला. मागं वळून बघितलं नाही.

त्या दिवशी मिलसमोर अकरा माणसं मेली. गुंडप्पानं स्वतः मोजली, कारण दुसरं कुणी मोजणार नव्हतं.

दोन दिवसांनी त्याला ठाण्यावर बोलावलं. अधिकारी तरुण होता, स्वच्छ गणवेश, हसरा चेहरा. त्यानं एक कागद पुढं केला. मिलचं कुलूप जमावानं तोडलं, जमावाचा म्होरक्या मोमाद, मिलचाच मुकादम. खाली सही. आदल्या दिवशी शेठचाही फोन येऊन गेला होता. त्यांना हाच कागद पाहिजे होता, विम्यासाठी. "मिस्त्री, डोकं लावू नगा. कुलूप तोडलं म्हणून लिवा आन् सही करून मोकळे व्हा," ते म्हणाले होते.

गुंडप्पानं कागद बघितला. सही केली की मोमादचं काय होईल हे त्याला शिकवायला नको होतं. भगदाडातून गेलेला माणूस आणि त्याची तीन लेकरं त्याच्या डोळ्यांपुढं आली. तो म्हणाला, "कुलूप मी उघडलं. किल्लीनं. मला कुणी सांगितलं नाही."

अधिकाऱ्याला वाटलं, भाषेची गडबड आहे. त्यानं हळू, एकेक शब्द करत परत विचारलं. गुंडप्पानं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

मग दोन दिवस मार खाल्ला. रबरी दांड्यानं तळपायांवर, बंदुकीच्या दस्त्यानं पाठीवर. गळ्यातलं लिंग ओढून काढलं, चांदीची डबी एकानं खिशात घातली आणि लिंग जमिनीवर फेकलं. गुंडप्पानं ते रांगत जाऊन उचललं, तेव्हा त्या हातावर बूट पडला. एकदा त्यानं मनात सही केलीसुद्धा. तोंडावर आलं होतं, "आणा तो कागद." पण नेमका त्या वेळी मारणारा चहा प्यायला गेला आणि तो येईपर्यंत गुंडप्पा पुन्हा घट्ट झाला. आपण शूर होतो असं तो कधीच म्हणत नाही. तो चहा प्यायला गेला म्हणून राहिलं, असंच सांगतो.

तिसऱ्या दिवशी नरसिंगनं कुणाकुणाच्या हातापाया पडून त्याला सोडवून आणलं. परतीची तिकिटं दहा जानेवारीची होती.

आठ तारखेला दुपारी मोमाद आला. मागच्या भगदाडातूनच आला. वाळला होता, दाढी वाढलेली. गुंडप्पा खाटेवर पाय पसरून बसला होता, पायाला चिंध्या बांधलेल्या. नरसिंग दारात उभा राहिला. मोमादनं गुंडप्पाच्या पायांकडं बघितलं.

"तू माझं नाव सांगितलं नाहीस, कळलं मला," मोमाद म्हणाला. "तेवढं सांगायला आलो. आम्ही उद्या सीमेपलीकडं जातोय, मलावीत. लेकरं घेऊन."

तो वळला होता. मग परत फिरून म्हणाला, "एक गोष्ट मला कळत नाही. चौकी जळाली होती, चौकात लुटालूट चालली होती, तिकडं कुणी आलं नाही. सरळ इथंच ट्रक आला. कुणी बोलावला असेल?"

नरसिंग मराठीत पुटपुटला, "मामा, गप बसा. हात जोडतो."

गुंडप्पाला तेव्हा काय वाटलं ते त्यालाही नीट सांगता येत नाही. इतकंच आठवतं की खोट्याचे शब्द त्याच्याजवळ तयार होते. शेठनी बोलावला, शेजारच्या गिरणीवाल्यानं बोलावला, काहीही चाललं असतं. तो म्हणाला, "मी. तू फाटकाशी यायच्या आधी. मी फोन लावला."

मोमाद दोन पावलं पुढं आला. मग त्यानं मारायला सुरुवात केली. हातात काही नव्हतं, नुसते हात. पहिल्या फटक्यात गुंडप्पा खाटेवरून खाली आला. मोमाद त्याच्या छातीवर बसला आणि कानशिलावर, तोंडावर, पुन्हा कानशिलावर मारत राहिला. नखं गेलेली बोटंही त्यानं वाचवली नाहीत. नरसिंग ओढत होता, रडत होता. गुंडप्पानं हात उचलला नाही. डाव्या कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं, गरम वाहिलं, आणि त्या बाजूचं जग बंद पडलं. शेवटी मोमाद स्वतःच थांबला. उठला, भिंतीला टेकून श्वास घेतला आणि गेला.

उदगीरला आल्यावर लोक बघायला आले. पोलिसांनी मारून कान घालवला, असं नरसिंगनंच पसरवलं होतं. गुंडप्पानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पाय जरा बरे झाल्यावर तो लातूरला शेठकडं गेला. शेठनी बस म्हटलं, पण चहा मागवला नाही.

"तुमाला एकच गोष्ट सांगितली होती," शेठ म्हणाले. "उघडू नगा म्हनलं होतं."

"दुसरी बी सांगितली होती शेठ," गुंडप्पा म्हणाला. "पोलिसाला बोलवा म्हनून. ती ऐकली मी. अकरा माणसं मेली."

"त्याचा आपला काय संबंध? ते त्यांचं इलेक्शन."

गुंडप्पा उठला. नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून एस.टी. स्टँडवर आला. त्यानंतर उदगीर-लातूरच्या मिलांमध्ये त्याला काम मिळेना. मिस्त्रीनं गोदाम लुटू दिलं, ही गोष्ट त्याच्या आधी सगळीकडं पोचली होती. पावसाळ्यानंतर धर्माबादला एका छोट्या मिलमध्ये काम लागलं. मालकाकडं जुन्या मशिनी होत्या आणि त्या कळणारा दुसरा माणूस नव्हता. सोमवारी जायचा, शनिवारी यायचा.

दिवाळीत नरसिंग भेटायला आला, नव्या नवरीला घेऊन. गंगम्मानं दोघांना पाटावर बसवलं. बोलता बोलता तो तिथल्या बातम्या सांगायला लागला. त्याला अजून तिकडच्या एकाचा निरोप येत असतो. "मामा, मोमाद मलावीतल्या छावणीत हाय म्हणं. लेकरं हायत संगं. तुमचा कान फोडून गेला खरा, पण मेला न्हाई बघा."

गंगम्माचा हात करंजीच्या ताटावर थांबला. नरसिंगच्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. तो लगेच निघालाच.

ते गेल्यावर गंगम्मा नवऱ्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली. "कान पोलिसानं फोडला न्हाई?"

"न्हाई."

"मग सांगा. सगळं सांगा."

त्यानं सांगितलं. फळ्यावरच्या रेघांपासून सांगितलं, नाल्यापाशी पडलेल्या पोलिसाचं सांगितलं, फोनचं सांगितलं, बारदानाचं सांगितलं. इतकं सलग तो लग्नाला तेहतीस वर्षं झाली तरी बोलला नव्हता. गंगम्मानं मधे एकदाच विचारलं, "तिचं नाव काय म्हनलात?"

"जैनाबू."

सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मी न्हाई लावला असता तरी नरसिंगनं लावलाच असता. कुणीतरी लावलाच असता."

गंगम्मानं करंजीचं ताट बाजूला सारलं. तिला नवऱ्याला धीर देता आला असता, एरवी दिलाही असता.

"तसं म्हणू नगा," ती म्हणाली. "दुसऱ्यानं लावला असता, न्हाई लावला असता, ते कुणाला म्हाईत? लावला तुमी. त्याला तोंडावर सांगितलात, तेवढं बरं केलं. आता माझ्यापाशी त्याला झाकण घालू नगा."

गुंडप्पानं होकाराची मान हलवली. बाहेर गल्लीत नगरपालिकेच्या प्रचाराची रिक्षा आली होती, भोंग्यावर उमेदवाराचं नाव घुमत होतं. गंगम्मा उठली, तिनं खिडकी लावून घेतली आणि त्याच्या पुढ्यात ताट वाढलं. तो जेवायला बसला. ती समोर बसून राहिली, तो शेवटचा घास घेईपर्यंत.